नडगीवरची धग: मॉक्सानं झिजलेले स्नायू भरून येतात का?

गेल्या महिन्यात माझ्याकडे एक काका-काकू आले. काका ७६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे तरी सत्तरीपुढचे असतात, त्यामुळे काकांची तक्रार मला नवी नव्हती: पायांत जीव राहिला नाही. नवी होती ती काकूंच्या पिशवीतली वस्तू. वर्तमानपत्रात गुंडाळलेली मॉक्साची एक कांडी, म्हणजे पेटवून अंगाला शेक द्यायची चिनी कांडी. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड, पांढऱ्या कागदात घट्ट वळलेली. नाकाशी नेली तर वाळलेल्या दवण्याची आठवण यावी असा उग्र वास.

"मुलानं ऑनलाइन मागवलीय," काकू म्हणाल्या. "पेटवून गुडघ्याखाली रोज पंधरा मिनिटं धरायची, म्हणजे पाय भरतात म्हणे. चीनमध्ये म्हाताऱ्या माणसांना हेच देतात. मोबाईलवर दाखवलंय. सुरू करू का?"

मी काकांना खुर्चीतून उठायला सांगितलं. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकवून, अंग पुढे झोकून, दुसऱ्या प्रयत्नात ते उठले. पायजमा मांडीवर सैल लोंबत होता.

हाच प्रश्न मला थोड्या दिवसांत तिसऱ्यांदा कुणी विचारत होतं. तीन वाक्यांत उत्तर देऊन माणसांचं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

वय झालं की स्नायूचं नेमकं काय होतं?

वयाबरोबर स्नायूंचं मांस, ताकद आणि त्यांच्याकडून होणारं काम कमी होत जातं, त्याला सार्कोपेनिया म्हणतात. अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हा शब्द घडवला, ग्रीक भाषेतल्या 'मांस' आणि 'उणीव' या दोन शब्दांतून. झीज पूर्वीही होत होतीच. पण तिला नाव नव्हतं, म्हणून ती 'म्हातारपण' या एकाच खात्यात जमा व्हायची. २०१६ साली अमेरिकेत तिला आजारांच्या यादीत स्वतःचा सांकेतिक क्रमांक मिळाला आणि डॉक्टर ती कागदावर नोंदवू लागले.

तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो, असा ढोबळ हिशेब आहे. ताकद मात्र मांसापेक्षा जास्त वेगानं उतरते. म्हणजे मांडीचा घेर फारसा कमी दिसत नसतानाही जिना चढवेनासा होतो. असं का?

ऊसतोडीच्या टोळीचं उदाहरण घ्या. एक मुकादम आणि त्याच्या हाताखाली कोयते घेतलेली माणसं. स्नायूतही अशीच रचना असते. पाठीच्या कण्यातून निघालेली एक मज्जापेशी हा मुकादम, आणि तिच्या हुकमावर चालणारे स्नायूचे शेकडो धागे ही त्याची टोळी. वय वाढतं तसे काही मुकादम कायमचे जातात. त्यांची पोरकी झालेली माणसं शेजारचे मुकादम आपल्या टोळीत घेतात. सगळ्यांना घेता येत नाही; जे उरतात ते धागे सुकून जातात. शेवटी टोळ्या थोड्या आणि फुगलेल्या होतात. काम होतं, पण जाडंभरडं. नाजूक तोल सांभाळणं, पाऊल नेमकं टाकणं अवघड होतं. त्यातही आधी जातात ते जलद आकसणारे धागे, म्हणजे पाय अडखळला की क्षणात शरीर सावरून धरणारे. म्हातारी माणसं अडखळतात म्हणून पडत नाहीत, अडखळतो आपणही. त्यांना सावरता येत नाही म्हणून ती पडतात.

दुसरी गोष्ट, स्नायू 'बहिरा' होत जातो. तरुण माणसानं वाटीभर उसळ खाल्ली, चार जिने चढले, तर त्याच्या स्नायूला तेवढ्या हाकेनं जाग येते आणि तो नवं प्रथिन बांधायला घेतो. सत्तरीतल्या स्नायूला तीच हाक ऐकू येत नाही. कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना आपण जवळ जाऊन, मोठ्यानं हाक मारतो, तशीच इथे मारावी लागते. ही हाक पुढे लक्षात ठेवा. मॉक्साचा सगळा प्रश्न तिच्यापाशीच येऊन थांबतो.

तिसरं कारण घराघरांत घडतं आणि मला त्याचंच सर्वांत वाईट वाटतं: अंथरूण. एका अमेरिकी प्रयोगात साठी-सत्तरीतल्या बारा धडधाकट माणसांना फक्त दहा दिवस झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस गेलं. आजारी नव्हती ती माणसं. आपल्याकडे साध्या तापातून उठलेल्या आजीला "तू हलू नकोस, पाणी मी आणते" असं प्रेमानं बजावलं जातं. त्या प्रेमाची किंमत तिच्या मांड्या मोजतात.

शिंप्याचा टेप आणि एक खुर्ची

आशियाई तज्ज्ञांच्या गटानं २०१९ साली आपल्या भागातल्या माणसांसाठी काही मापं ठरवून दिली. त्यातली दोन घरी तपासता येतात. पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपनं मोजायचा. पुरुषात ३४ सेंटीमीटरपेक्षा कमी, बाईत ३३ पेक्षा कमी भरला तर पुढची तपासणी करावी. दुसरं, हात छातीवर घडी करून खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उठायचं-बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर शंकेला जागा आहे. जवळ कुणीतरी उभं असू द्या आणि खुर्ची भिंतीला टेकवा.

दवाखान्यात मुठीची ताकदही मोजतात. पुरुषांत २८ किलो आणि बायकांत १८ किलोच्या खाली आकडा आला तर ताकद कमी धरतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण अलीकडे कोण उघडतं, हे घरातल्यांना आठवलं तरी पुष्कळ कळतं.

एक मात्र आवर्जून सांगते. दोन-तीन महिन्यांत वजन भराभर उतरलं, भूक गेली, बारीक ताप राहू लागला, तर ते 'वयानं' झालंय असं समजू नका. मधुमेह, थायरॉईड, क्षयरोग, कर्करोग यांतही मांस असंच उतरतं. तिथे आधी डॉक्टर.

आता ती कांडी

तिच्यात आहे एका झुडपाच्या पानांची लोकर. चिनी भाषेत त्याला 'आय' म्हणतात. आपण जोतिबाला वाहतो तो दवणा याच वनस्पतीच्या कुळातला, आर्टिमिसिया गटातला. दोघे चुलतभाऊ म्हणा ना. म्हणून तर काकूंच्या कांडीचा वास ओळखीचा वाटला. चीनमध्ये पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवशी, ड्रॅगन-होड्यांच्या सणाला, 'आय'च्या जुड्या दाराला बांधतात. साधारण त्याच सुमारास पानं खुडतात, वाळवतात, मुरवत ठेवतात. मग कुटून-चाळून त्यातला देठ-शिरांचा भुसा काढत जातात. हाती उरते ती पिवळसर, कापसासारखी मऊ लव. जितक्या जास्त किलो पानांतून एक किलो लव काढली, तितकी ती बारीक आणि महाग. ही लव चटकन भडकत नाही, धुमसत राहते. तिची सारी किंमत या संथ धुमसण्यात आहे.

जपानी लोक या लवेला 'मोगुसा' म्हणतात. सतराव्या शतकात बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, राहणाऱ्या हर्मन बुशॉफ या डच धर्मोपदेशकानं संधिवाताच्या एका प्रकारावर हा उपाय युरोपला लिहून कळवला. 'मोगुसा'चं 'मॉक्सा' झालं आणि लॅटिनमधला जळण्याचा शब्द त्याला चिकटून मॉक्सिबस्टन तयार झालं. आपण मॉक्साच म्हणू.

देण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. कांडी पेटवून कातडीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरायची, ही सर्वांत सौम्य. आल्याच्या चकतीला भोकं पाडून ती अंगावर ठेवायची आणि तिच्यावर लवेचा छोटा सुळका जाळायचा, ही दुसरी. बेंबीत मीठ भरून त्यावर सुळका ठेवतात, ही तिसरी. जुन्या काळी सुळका थेट कातडीवर जाळून फोड आणि व्रण मुद्दाम उठवत. आपल्याकडच्या डागण्याच्या प्रथा यालाच जवळच्या. मेळघाटात तान्ह्या बाळांच्या पोटावर डाग देतात, तो 'डंबा' थांबवायला आरोग्य कार्यकर्ते आजही झगडतात.

गुडघ्याखालीच का?

आत्ता बसल्या बसल्या करून पाहा. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेला चार बोटं आडवी ठेवा. जिथे चौथं बोट संपतं तिथून नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला एक बोट सरका. तिथे दाबलं तर किंचित ठणकल्यासारखं वाटेल. हे 'त्सूसानली', चिनी वैद्यकातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. व्हिडिओत कांडी धरतात ती इथेच.

चिनी वैद्यकाचं तर्कशास्त्र असं: मांसाचा धनी प्लीहा. प्लीहा म्हणजे इथे डॉक्टरांची पानथरी नव्हे. अन्नाचं सत्त्व करून ते अंगभर पोचवणारी सगळी यंत्रणा. हातपाय लुळे पडत चालले की पोटाची वाहिनी सांभाळा, असं त्यांचे प्राचीन ग्रंथ सांगतात, आणि त्सूसानली त्याच वाहिनीवर आहे. शिवाय म्हातारपण म्हणजे अंगातली ऊब विझत जाणं. तिला बाहेरून ऊब द्यायची. अन्नरसातून मांस घडतं असं आपलं आयुर्वेदही मानतं, त्यामुळे मराठी वाचकाला हे परकं वाटणार नाही. मलाही ही कल्पना म्हणून सुंदर वाटते. न पचलेल्या अन्नाचं मांस होत नाही, हे निरीक्षण खरंच आहे.

बोट अजून तिथेच असेल तर आता टाच जमिनीवर ठेवून चवडा वर उचला. बोटाखाली एक स्नायू टणक होऊन फुगेल. चालताना पायाची बोटं जमिनीला घासू नयेत म्हणून चवडा उचलणारा तो हा. म्हाताऱ्या माणसाचा पाय सतरंजीच्या कडेला अडकतो तेव्हा बरेचदा हाच स्नायू थकलेला असतो. म्हणजे जागा अगदी मोक्याची आहे. पण मोक्याच्या जागी धग दिली म्हणून तो स्नायू भरतो का, हा प्रश्न वेगळा.

धगीचा स्नायूवर परिणाम होतो, हे खरं

इथे मॉक्साच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं निराधार नाही. स्नायू तापला की त्याच्या पेशी एक प्रकारची संरक्षक प्रथिनं बनवतात. बाकीच्या प्रथिनांची घडी विस्कटू नये म्हणून ती राखणदारी करतात. रक्तपुरवठा वाढतो. जपानी संशोधकांनी निरोगी माणसांच्या मांडीला गरम वाफेच्या पट्ट्या बांधून, व्यायाम न देता, स्नायूत थोडी वाढ झाल्याची नोंद केली आहे. दुसऱ्या एका प्रयोगात तरुणांचा पाय दहा दिवस जखडून ठेवला आणि रोज दोन तास आतपर्यंत पोचणाऱ्या विद्युत-लहरींनी मांडी तापवली. त्यांचं मांस न तापवलेल्यांपेक्षा कमी उतरलं.

पण या प्रयोगांतली धग कशी होती ते पाहा. जपानी पट्ट्या दिवसाला आठ-आठ तास, आठवड्यातून चार दिवस, दहा आठवडे. दुसऱ्या प्रयोगात रोज दोन तास, आणि तीही अख्ख्या मांडीच्या आत. मॉक्साची कांडी पंधरा मिनिटं, रुपयाएवढ्या जागेवर, कातडीच्या वरून. त्या कातडीखाली चरबी, चरबीखाली स्नायू, आणि वाहतं रक्त ती ऊब सारखी वाहून नेत असतं. बंद खोलीच्या दाराबाहेर शेगडी ठेवून आतलं पाणी उकळण्याची वाट पाहावी, तसं काहीसं. उठून-बसून जी मांडी वापरायची, ती तर कांडीपासून हातभर लांब राहिली.

"पण उंदरांवर सिद्ध झालंय"

झालंय, आणि एकदा नाही. चिनी प्रयोगशाळांत उंदरांची मागची तंगडी अधांतरी टांगून किंवा औषधं देऊन स्नायू झिजवतात, मग त्सूसानलीच्या जागी बारीक मॉक्सा देतात. त्यांत झीज कमी झाली, दाह उतरला, पेशींतली मोडतोड साफ करणारी व्यवस्था सुधारली, असे निष्कर्ष छापून आले आहेत. बातम्यांची मथळ्यातली वाक्यं येतात ती इथूनच.

उंदराच्या नडगीवरचा स्नायू जेमतेम काही मिलिमीटर जाड. तिथे धरलेली धग स्नायूच्या आरपार जाते. माणसाच्या पायात तीच धग वरच्या थरात विरते. शिवाय त्या उंदराचा स्नायू काही दिवसांत मुद्दाम पाडलेला, आणि काकांचा तीस वर्षांत, मुकादम एकेक करून गेल्यामुळे पडलेला. या दोन झिजा एकच आहेत असं धरून चालता येत नाही. उंदराचे प्रयोग पुढे कुठे शोधायचं ते सांगतात. कांडी विकत घ्यायला ते पुरेसे नाहीत.

माणसांवरच्या प्रयोगांचं काय?

तेही आहेत. बहुतेक चीनमधले, लहान, थोड्या आठवड्यांचे. निकाल बरेचदा मॉक्साच्या बाजूचा दिसतो. तरीही मी सावध राहते, कारण त्यांची बांधणी.

नेहमीचा साचा असा: एका गटाला व्यायाम किंवा प्रथिनं, दुसऱ्याला तेच अधिक मॉक्सा. दुसरा गट थोडा पुढे जातो. आता विचार करा, त्या दुसऱ्या गटातल्या आजोबांना मॉक्साखेरीज आणखी काय मिळालं? आठवड्यातून तीनदा घराबाहेर पडणं. अर्धा तास कुणीतरी शेजारी बसून "कसं वाटतंय?" विचारणं. आपल्याला खास काहीतरी मिळतंय हा विश्वास, आणि त्या विश्वासातून व्यायामही जरा मन लावून करणं. गोळ्यांच्या प्रयोगात हा फरक काढायला दुसऱ्या गटाला साखरेची गोळी देतात. धूर येणाऱ्या, वास असणाऱ्या, अंगाला चटका जाणवणाऱ्या उपचाराची खोटी प्रतिकृती करणं फार अवघड. रुग्णाला कळतं, देणाऱ्यालाही कळतं.

आणखी एक बारीक मुद्दा आहे. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समजा एखाद्या आजींचा गुडघा दुखतो. दुखऱ्या गुडघ्यानं त्या पाच वेळा उठायला १८ सेकंद घेतात. शेकानं दुखणं कमी झालं आणि आता १४ सेकंद लागले. चाचणी सुधारली, अहवालात 'स्नायूंचं कार्य सुधारलं' असं लिहिलं गेलं. मांस मात्र एक ग्रॅमही वाढलेलं नाही. वेदना हटल्यामुळे होती ती ताकद वापरता आली. ही सुधारणा खोटी नाही, आजींना तर तीच हवी होती. पण तिला 'स्नायू भरून आले' म्हणता येत नाही.

मांस मोजण्याच्या यंत्राचंही तसंच. ज्या यंत्रावर अनवाणी उभं राहिलं की स्नायूंचा आकडा येतो, ते शरीरातून सौम्य वीज सोडून तिला होणारा अडथळा मोजतं. कातडी गरम असली, अंगात पाणी कमी-जास्त असलं की तो आकडा हलतो. मॉक्साच्या जाहिरातीत असा 'आधी-नंतर'चा तक्ता दाखवला तर विचारा: मोजलं कधी, कशानं?

तर आज प्रामाणिकपणे इतकंच म्हणता येतं की मॉक्सानं म्हाताऱ्या माणसाचं मांस वाढतं, याला भरवशाचा पुरावा नाही. या झिजेवर अमेरिकेच्या औषध नियामकानं मंजूर केलेलं औषधही अजून एकसुद्धा नाही. अशी मोकळी जागा असली की तिथे कांड्या, पावडरी आणि डबे भराभर येऊन बसतात.

"दोन हजार वर्षं लोक उगाच करत होते?"

उगाच कुणी म्हणत नाही. हुनान प्रांतात चांगशाजवळ मावांगद्वे इथल्या थडग्यात १९७३ साली रेशमावर लिहिलेल्या वैद्यकाच्या पोथ्या सापडल्या. ते थडगं इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेलं. त्या पोथ्यांत अकरा वाहिन्यांवर मॉक्सा देण्याचं वर्णन आहे, सुयांचा मात्र उल्लेख नाही. म्हणजे ॲक्युपंक्चरपेक्षा हा लेखी परंपरेतला थोरला भाऊ दिसतो. चिनी भाषेत तर दोन्हींचं नाव एकत्रच घेतात, 'सुई-मॉक्सा'. २०१० साली युनेस्कोनं या जोडीला मानवतेच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

पण वारसा म्हणून मान मिळणं आणि एखाद्या आजारावर गुण येणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. युनेस्को रुग्ण मोजत नाही. आणि खुद्द चीनमध्येही ही वाट सरळ नव्हती: १८२२ साली सम्राटाच्या हुकमानं राजवैद्यांच्या संस्थेतून सुया आणि मॉक्सा दोन्ही हद्दपार झाले होते. शिवाय ज्या काळात ही पद्धत घडली त्या काळी ऐंशी वर्षांची माणसं किती असणार? पोटदुखी, हुडहुडी, सांधे आखडणं हे तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. सार्कोपेनिया हा शब्द तिच्या दारात आपण नेऊन ठेवला.

मॉक्सा सरसकट निरुपयोगी आहे असंही मी म्हणणार नाही. गर्भात बाळ पायाळू असेल तर आईच्या पायाच्या करंगळीजवळ मॉक्सा देतात. ऐकायला अजब, पण त्यावर बरे प्रयोग झाले. जगभरचे प्रयोग चाळून पाहणाऱ्या कॉक्रेन गटानं २०२३ च्या आढाव्यात म्हटलं की नेहमीच्या देखभालीला मॉक्साची जोड दिली तर बाळंतपणाच्या वेळी बाळ उलटं असण्याचं प्रमाण बहुधा कमी होतं. बरा पुरावा आला तेव्हा विज्ञानानं तो नोंदवला. स्नायूंच्या बाबतीत तसा आला तर मी पहिली माझ्या रुग्णांना सांगेन.

"नुकसान तर नाही ना?"

आहे, आणि ते म्हाताऱ्यांनाच जास्त. सत्तरीतली कातडी कागदासारखी पातळ असते. मधुमेहात पायांची जाणीव कमी होते. चटका बसला तरी कळत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त माणसं मधुमेही आहेत, आणि कांडी धरायची जागा नेमकी नडगीवरची, जिथली जखम भरायला महिने लागतात. गरम पाण्याच्या पिशवीनं पोळलेले मधुमेही पाय मी पाहिले आहेत. मॉक्सा तर जळता निखारा. त्याची राख चादरीवर पडते. घरात ऑक्सिजनचं यंत्र लावलेलं असेल तर त्या खोलीत कांडी पेटवणं म्हणजे आगीला आमंत्रण. दमेकऱ्याला तो धूर सोसणार नाही. बंद फ्लॅटमध्ये तर घरातल्या सगळ्यांनाच तो ओढावा लागतो.

मधुमेह नाही, कातडी धडधाकट आहे, गुडघ्याला शेक बरा वाटतो आणि जाणकार माणूस समोर बसून देणार आहे, तर घ्या. तेवढ्यासाठी मी कुणाशी भांडत नाही. माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे: कांडी धरली की 'आजचं औषध झालं' असं वाटतं आणि माणूस पुन्हा खुर्चीत बसून राहतो.

मग स्नायूला हाक कशानं ऐकू जाते?

ओझ्यानं. बॉस्टनमधल्या वृद्धांच्या एका संस्थेत मारिया फियातारोने या डॉक्टरांनी नव्वदीतल्या दहा दुबळ्या माणसांना आठ आठवडे मांडीच्या ताकदीचा व्यायाम दिला, तोही जड वजनांचा. १९९० साली निकाल छापून आला: पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. नव्वदीत! पुढे त्यांनी सरासरी ८७ वर्षांच्या शंभर जणांवर मोठा प्रयोग केला. १९९४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांत ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग वाढला, जिना चढण्याचा जोर वाढला. एका गटाला व्यायाम न देता नुसतं पोषक पेय दिलं होतं. त्यांच्यात काही फरक पडला नाही. डबे विकणाऱ्यांनी हा निकाल वाचावा असं मला फार वाटतं.

नुसतं चालणं पुरत नाही. हृदयाला, साखरेला ते उत्तम, पण मांडीच्या बहिऱ्या स्नायूला ती हलकी हाक आहे. शेवटची दोन आवर्तनं जड गेली पाहिजेत, इतकं ओझं हवं. खुर्चीतून उठणं हा त्यातला सर्वांत सोपा प्रकार, कारण उचलायचं ओझं आपलंच शरीर असतं.

आणि मग अन्न. म्हाताऱ्या माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं तज्ज्ञ सांगतात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तितकंच, वाटीभर घट्ट वरणात त्याच्या आसपास. सकाळी चहा-खारी, दुपारी भात आणि पातळ आमटी, रात्री दूध-पोळी, असा दिवस गेला तर निम्मीही भरत नाहीत. साबुदाण्यात तर जवळजवळ शून्य. दाण्याचं कूट, सोयाबीन, पनीर, मासळी, जे घरात चालतं ते प्रत्येक जेवणात थोडं थोडं हवं. एकाच वेळी सगळं नको. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा हिशेब डॉक्टरांना विचारूनच.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत जी ताकद वाढते ती बहुतेक मज्जातंतूंची कमाई असते. उरलेले मुकादम आपल्या टोळ्या पुन्हा नीट कामाला लावतात. मांस त्यानंतर, दोन-तीन महिन्यांनी दिसू लागतं. हे आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर माणसं महिन्याभरात टेपनं मांडी मोजून हिरमुसतात.

काकांची साखर गेली बारा वर्षं वाढलेली होती. तळपायाला मी कापूस लावला तर डावीकडे त्यांना कळलाच नाही. त्यामुळे कांडी त्या दिवशी परत पिशवीत गेली. खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवली आणि तिथून उठायला शिकवलं: पावलं मागे, नाक गुडघ्यांच्या पुढे, मग उठायचं. पाच वेळा, थांबून पुन्हा पाच, एक दिवसाआड. काकूंनी दुपारच्या चहाबरोबर खारीऐवजी उकडलेलं अंडं द्यायचं कबूल केलं. काका आधी 'अंडं नको' म्हणाले, मग मिरपूड असेल तर चालेल म्हणाले.

परवा चार आठवड्यांनी ते आले. काकूंनी सोबत कॅलेंडरचं पान आणलं होतं, प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं आकडे. सुरुवातीला '५, ३'. मग '५, ५'. विसाव्या दिवशी 'एक उशी काढली'. आणि शेवटच्या चौकोनात, शिक्षकाच्या वळणदार अक्षरात काकांनी स्वतः लिहिलेलं: 'हात न टेकता ४'.